ऋण आणि व्रत

धर्माचे अध्ययन संपत आले असता, ज्या व्रताने पुढील आयुष्य बांधून घ्यावयाचे त्या व्रताविषयीच विद्यार्थ्याच्या मनात शंका उत्पन्न झाली, तर त्याने काय करावे? प्रश्न जुना आहे. परंतु तो उघडपणे विचारण्याची सोय फार थोड्या ठिकाणी असते. आरंभी शंका आली तर लोक ती पोरपणाची म्हणून हसून सोडून देतात. मध्यावर आली तर गुरुजन तिला कसोटी समजतात. अखेरच्या चार-सहा आठवड्यांत आली म्हणजे मात्र तिला कृतघ्नता हे नाव मिळते. आमच्या मते तिहींपैकी हीच शंका अधिक आदरास पात्र आहे, कारण ती अज्ञानातून आलेली नसते.

छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीचे औरंगाबाद, या शहराच्या परिसरात असे विद्यार्थी शतकानुशतके घडत आले आहेत. वेरूळच्या पाचव्या लेण्यात दोन लांब, ठेंगणे दगडी ओटे समांतर कोरलेले आहेत. तेथे भिक्षू पाठासाठी बसत की भोजनासाठी, याविषयी तर्कच करावा लागतो. पण ओळीने बसलेल्या त्या तरुणांपैकी कित्येकांच्या मनात हा प्रश्न येऊन गेला असेल, यात आम्हांस संशय वाटत नाही. आजही शहराबाहेर चौका येथील लोकुत्तरा महाविहारात भिक्षूंचे शिक्षण चालते. जामा मशिदीत काशिफुल उलूम हा मदरसा आहे. आणि १९७७ साली येथे स्थापन झालेल्या कॅथॉलिक धर्मप्रांतासही धर्मगुरू हवेच असतात. धर्म भिन्न, परंतु शेवटच्या आठवड्यांतील विद्यार्थी बहुधा एकच. तो खेड्यातून आलेला असतो. सहा-आठ वर्षे त्याने संस्थेचे अन्न खाल्लेले असते, संस्थेचे वस्त्र ल्यालेले असते. आईने गावात सांगून ठेवलेले असते. अशा वेळी ‘मला हे नको’ हे तीन शब्द उच्चारण्यास जे धैर्य लागते, ते पुष्कळदा व्रत घेण्यास लागणाऱ्या धैर्याहून मोठे असते.

धर्मशास्त्रकारांना हे कळत नव्हते असे नाही. बौद्ध विनयात उपसंपदा घेणाऱ्यास संघापुढे काही प्रश्न विचारतात. तू स्वतंत्र आहेस काय, राजाच्या चाकरीत तर नाहीस ना, तुला मातापित्यांची अनुज्ञा आहे काय, तुला वीस वर्षे पूर्ण झाली आहेत काय. आणि त्यांतच एक प्रश्न असा की, तू ऋणमुक्त आहेस ना? सावकाराला चुकवून कोणी संघात दडू नये, एवढाच या शेवटच्या प्रश्नाचा मूळ हेतू होता. तथापि तो प्रश्न आपण थोडा ताणून पाहू. जो तरुण केवळ खाल्लेल्या अन्नास जागण्यासाठी चीवर स्वीकारतो, तो ऋणमुक्त आहे काय? तो तर हप्ता भरावयास निघाला आहे! कॅथॉलिक धर्मसंहितेचा दंडक याहून स्पष्ट आहे. आपण ही दीक्षा स्वेच्छेने व मोकळेपणाने घेत आहोत, असे उमेदवाराने स्वतःच्या हस्ताक्षरात लिहून द्यावे लागते. इस्लामी परंपरेत आलिम होणाऱ्यास संन्यासासारखे व्रतच नसते. हदीसचा शेवटचा पाठ झाला, मस्तकावर फेटा बांधला गेला, की तो इमाम होवो वा अत्तराचे दुकान घालो, त्याचे शिक्षण वाया गेले असे त्याच्या धर्माने म्हणावयाचे कारण नाही. या एका बाबतीत मदरशाची रीत अधिक शहाणपणाची आहे, असे आम्हांस वाटते.

यावर कोणी म्हणेल की, शंका कोणाला येत नाहीत? प्रत्येकजण शंका येताच उठून जाऊ लागला तर मठ, विहार आणि सेमिनरी ओस पडतील. हा आक्षेप खरा आहे. म्हणूनच शंका आणि अनिच्छा यांतला भेद ओळखला पाहिजे. ईश्वर आहे की नाही, निर्वाण म्हणजे नेमके काय, या शंका घेऊनही मनुष्य प्रामाणिकपणे व्रतस्थ राहू शकतो. किंबहुना अशा शंका ज्याला कधी शिवल्याच नाहीत, त्याच्या उपदेशाचा दुःखी माणसाला फारसा उपयोग होत नाही. परंतु हे जीवनच आपले नव्हे, अशी ज्याची खात्री पटत चालली आहे, त्याची गोष्ट निराळी. त्याला थांबवून धरण्यात संस्थेस एक मनुष्य मिळतो, आणि पुढे त्याच्यापाशी मन मोकळे करावयास येणाऱ्या शेकडो लोकांस एक पोकळ कान मिळतो. अन्नाचे ऋण खरे आहे, हे आम्ही नाकारीत नाही. ते फेडण्याचे दुसरे मार्ग आहेत, एवढेच आमचे म्हणणे.

धर्मानंद कोसंबींनी असा एक मार्ग दाखविला. गोव्यातील सांखवाळचा हा गृहस्थ १८९९ साली घर सोडून निघाला, १९०२ साली सिंहलद्वीपात विद्योदय विद्यालयात बौद्ध दीक्षा घेता झाला, आणि पुढे काही वर्षांनी चीवर उतरवून पुन्हा गृहस्थाश्रमात आला. चीवर टाकले म्हणून पाली विद्या टाकली नाही; कलकत्ता, हार्वर्ड, पुण्याचे फर्ग्युसन कॉलेज येथे ती त्यांनी जन्मभर वाटली. महाराष्ट्राला बुद्धाची ओळख करून देण्यात त्यांचा वाटा कोणत्या भिक्षूहून कमी होता? अर्थात त्यांच्या चरित्रास दुसरी बाजू आहे. ते निघाले तेव्हा घरी पत्नी होती, तान्ही मुलगी होती. त्यांची अनुज्ञा कोणी विचारली होती, हा प्रश्न आम्हांस बोचल्याशिवाय राहत नाही. राहुलाच्या प्रव्रज्येने व्याकूळ झालेल्या शुद्धोदनाच्या विनंतीवरून मातापित्यांच्या संमतीचा नियम झाला असे विनयात सांगितले आहे. पत्नीसाठी रडणारा शुद्धोदन मात्र कोणी निघाला नाही.

आणि याच दौलताबादच्या किल्ल्याचे उदाहरण मराठी वाचकास सांगावयास नको. एकनाथ जनार्दनस्वामींपाशी शिकले, शूलिभंजनाच्या डोंगरावर तप केले. असा शिष्य कोणत्या गुरूने आपल्या गादीवर बसविला नसता? परंपरा सांगते की, स्वामींनी वृद्ध आजोबांच्या हाती एक पत्र दिले. पैठणास ते शिष्याच्या हाती पडताच जेथे होता तेथेच तो थांबला, आणि गुरूच्या आज्ञेने गृहस्थ झाला. आज्ञा शिष्याच्या मनाविरुद्ध होती की मनाजोगी, हे त्या दोघांनाच ठाऊक. आम्हांस महत्त्वाचे वाटते ते हे की, इतके शिकविल्यावर शिष्याला जवळ ठेवण्याचा हक्क त्या गुरूने सांगितला नाही, आणि पैठणच्या घराने परत आलेल्या मुलाला ‘मग इतकी वर्षे तेथे काय केलेस?’ असे विचारल्याचे कोठे ऐकिवात नाही.