दिवा कोणाच्या वाटेवर?

वर्सोवा, मढ, मनोरी, गोराई या उपनगरी किनाऱ्यावरचे कोळी पिढ्यान् पिढ्या दर्यात होड्या लोटत आले. मुंबईच्या दीपस्तंभांचा आरंभीचा इतिहास मात्र या किनाऱ्याला जवळजवळ शिवत नाही. कुलाब्याच्या दांडीवरचा दिवा अठराव्या शतकातला, खांदेरीचा १८६७ सालचा, प्राँग्जचा १८७५ सालचा. तिन्ही बंदराच्या तोंडाशी. दीपस्तंभ म्हणजे समस्त दर्यावर्दींवर केलेला उपकार, ही समजूत म्हणूनच अपुरी वाटते. दिवा लावताना कोणाची वाट डोळ्यांपुढे होती, हे आधी विचारले पाहिजे.

खांदेरीकडे पाहा. १६७९ साली शिवाजी महाराजांनी हे बेट तटबंदीसाठी निवडले, ते मुंबई बंदरावर वचक राहावा म्हणून. इंग्रजांनी आरमार धाडले, मराठा आरमाराचे सरदार मायनाक भंडारी आणि दौलतखान यांच्याशी त्यांच्या चकमकी झडल्या, तरी बेट मराठ्यांकडेच राहिले. पुढे सत्ता पालटली आणि ज्या खडकाने मुंबईची वाट अडवायची, त्यावरच मुंबईची वाट दाखवणारा दिवा चढला. अमेरिकेतल्या यादवी युद्धाने इथला कापूस तेजीत आला, १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाला, १८७३ मध्ये मुंबईचा पोर्ट ट्रस्ट स्थापन झाला आणि दोन वर्षांत अभियंता थॉमस ऑर्मिस्टन यांचा प्राँग्ज दीपस्तंभ उभा राहिला. हा क्रम मला योगायोग वाटत नाही. दिवे व्यापाराच्या पावलावर पाऊल टाकून आले.

यावर कोणी म्हणेल, खडक व्यापारी आणि कोळी असा भेद करत नाही. खरे आहे. प्राँग्जचा खडक कुलाब्यापासून समुद्रात इतका पसरला आहे की ओहोटीला त्यावरून दीपस्तंभापर्यंत चालत जाता येते. भरतीला हाच खडक पाण्याखाली जाऊन जहाजांचा घात करतो. तिथे दिवा हवाच होता, आणि त्याचा उजेड छोट्या होडीलाही मिळाला. पण आयता मिळालेला उजेड वेगळा आणि योजनेत असलेला वाटा वेगळा. खर्चाच्या अंगानेही हेच दिसते. इंग्लंडमध्ये दीपस्तंभांचा खर्च बंदरात येणाऱ्या जहाजांवरच्या करातून भागवला जाई, हे अर्थशास्त्रज्ञ रोनाल्ड कोस यांनी १९७४ च्या लेखात दाखवले. भारतातही १९२७ च्या कायद्याने जहाजांवर असा कर बसवला. पैसा ज्या वाटेने येतो, त्या वाटेवर दिवे आधी लागतात. कोळ्यांना दिव्याची गरजच नव्हती, असेही सांगितले जाते. डोंगर, देवळे, चर्च यांच्या खुणा जुळवून ते घर गाठत, ही त्यांची मोठी विद्या. पण अंधारात त्या खुणा दिसत नाहीत. त्या विद्येचे कौतुक करून दिव्याचा प्रश्न टाळता येत नाही.