विचार करण्याचं नाटक

मुलाखतीत माणसानं काय लपवावं, याबद्दल आमच्या वेळी कुणाच्या मनात गोंधळ नव्हता. जे येत नाही ते लपवावं. नुसत्या बी.कॉम.च्या भांडवलावर नोकरी मागायला गेलेल्या माणसाकडे लपवण्यासारखं पुष्कळ असे. लपवताना घाम फुटे, आणि समोरचे साहेबही ते समजून घेत. हल्ली काळ पुढे गेला आहे. हल्ली जे येतं ते लपवावं लागतं.

हे ज्ञान मला भाच्याकडून झालं. संगणकाची पदवी घेऊन हा मुलगा आठ महिने घरी बसून होता. ताईच्या डोक्यावर त्याच्या शिक्षणाचं कर्ज, म्हणजे माझ्याच पेशातल्या कुणाचा तरी तिला वरचेवर फोन. अखेर हिंजवडीतल्या एका कंपनीचं बोलावणं आलं आणि स्वारी पंधरा दिवस आधीच सांगलीहून आमच्याकडे दाखल झाली. सौभाग्यवतीनं त्याला पोहे दिले आणि मला त्याच्यासमोर खुर्ची दिली. मी साहेब, तो उमेदवार.

त्यानं प्रश्नांची चळत माझ्या हातात ठेवली. पहिलाच प्रश्न असा: आकड्यांची एक यादी आहे, तीतल्या ज्या दोन आकड्यांची बेरीज अमुक होते, ते दोन शोधून काढा. वाचून मला गहिवरूनच आलं. अहो, हा तर बँकेतल्या संध्याकाळचा प्रश्न! दिवसाचा हिशेब जुळत नाही, फरक येतोय, आणि अख्खी शाखा खिळून बसली आहे. फरकाला नवानं भाग गेला तर बहुधा कुणीतरी ५४ चे ४५ केलेले असतात. तसं नसेल तर फरकाच्या निम्मी रक्कम शोधायची, म्हणजे जमेचं नावे पडलेलं सापडतं. तेही नसेल तर दोन व्हाउचरं मिळून फरक भरतोय का, ते बघायचं. हजार व्हाउचरं असली आणि प्रत्येक दुसऱ्या प्रत्येकाशी ताडून पाहिलं, तर ४,९९,५०० जोड्या होतात. घरी पोचेपर्यंत दूधवाला दारात.

शहाणा माणूस काय करील? एक व्हाउचर उचलील, बेरजेला किती कमी पडतंय ते बघील, आणि तेवढी रक्कम आधी टिपून ठेवली आहे का ते पाहील. नसली तर हातातलं टिपून पुढे जाईल. हजार व्हाउचरं, हजार वेळा उचलणं, काम खलास.

हे भाच्याला उत्तम येत होतं. आदल्या दिवशी त्यानंच मला घडाघडा सांगितलं होतं. पण मी साहेब होऊन प्रश्न विचारताच तो छताकडे बघायला लागला. ‘हं...’ म्हणाला. कान खाजवला. मग ती दूधवाल्याची पद्धत कागदावर उतरवली, तिच्याकडे नापसंतीनं पाहिलं, आणि एकदम वीज चमकल्यासारखा ओरडला, ‘‘एक मिनिट! पाहिलेले आकडे आपण लक्षात ठेवले तर?’’

‘‘अरे, पण तुला हे पाठ आहे ना?’’

‘‘मामा, पाठ आहे हे त्यांना कळता कामा नये. सुचल्यासारखं दिसलं पाहिजे.’’

मी त्याची वही पाहिली. उत्तराच्या मधोमध कंसात लिहिलं होतं: येथे थांबणे.

आता याला खोटं म्हणायचं का? कीर्तनकारबुवा तीस वर्षं तीच कोटी आत्ताच सुचल्यासारखी करतात, त्यांना आपण खोटारडे म्हणत नाही. ‘पोहे मुलीनंच केलेत हो’ हे वाक्य मावशींच्या तोंडून किती घरांनी ऐकलं असेल! केलेले मावशींनी, हे सांगणाऱ्याला ठाऊक, खाणाऱ्याला ठाऊक. मुलाखत घेणाराही प्रश्न त्याच प्रसिद्ध याद्यांतून उचलतो. दोघांनाही ठाऊक असेल, तर फसलं कोण?

भाचा म्हणाला, ‘‘माझा रूम पार्टनर.’’

हा मुलगा म्हणे पाठ करत नाही. प्रश्न आला की खरोखरच विचार करतो. चाचपडतो, खोडतो, परत लिहितो, आणि तोवर वेळ संपते. चार ठिकाणी नापास झाला.

‘‘हुशार आहे का?’’

‘‘माझ्यापेक्षा,’’ भाचा म्हणाला आणि पोह्यांतले दाणे वेचू लागला.

दुसऱ्या दिवशी डेटाबेस होता. माहिती तक्त्यांत मांडून ठेवायचं हे शास्त्र कॉड नावाच्या गृहस्थांनी आयबीएममध्ये असताना १९७० साली मांडलं. त्यांच्या निबंधाच्या नावातच ‘डेटा बँक’ आहे, तेव्हा मी त्यांना आपल्यातलेच मानतो. या तक्त्यांत माहीत नसलेल्या गोष्टीसाठी ‘नल’ नावाची खूण असते. नल म्हणजे शून्य नव्हे. नल म्हणजे ठाऊक नाही. ही सोय आमच्या जुन्या हेडमास्तरांना कुठली असायला? जन्मतारीख ठाऊक नसलेल्या पोराला त्यांनी सरळ १ जून ठोकून दिली. म्हणून आमच्या शाखेतल्या बऱ्याच पेन्शनरांचा वाढदिवस एकाच दिवशी येतो. आणि गंमत बघा, नल बरोबर नल का, असं विचारलं तर संगणक हो म्हणत नाही आणि नाहीही म्हणत नाही. दोन ठाऊक नसलेल्या गोष्टी सारख्या आहेत की नाहीत, हे त्यानं कसं सांगावं?

मला दमयंतीच आठवली. स्वयंवरात तिच्यासमोर एकसारखे पाच नल. चार देव, एक माणूस. देवांना घाम येत नव्हता, पापणी लवत नव्हती, गळ्यातली माळ कोमेजत नव्हती. तिनं घाम आलेल्याला माळ घातली.

हे मी मोठ्या रंगात येऊन भाच्याला सांगितलं. तो म्हणाला, ‘‘मामा, हिंजवडीत एसी असतो.’’

पुढे मी काही बोललो नाही. पाठ करणं हे काही पाप नव्हे. आमच्या पिढीचे पाढे अजून त्यावरच चालले आहेत. पण सतराचा पाढा म्हणताना कुणी छताकडे बघत नाही. माझी सगळी तक्रार त्या कंसातल्या दोन शब्दांशी होती. ती तरी कोणत्या तोंडानं करणार? माझा पगार महिन्याच्या महिन्याला जमा होतो, आणि कर्जाचा फोन ताईला येतो.

मुलाखतीत त्याला नेमका तोच प्रश्न आला. तो म्हणाला, ‘‘हे मी आधी सोडवलेलं आहे.’’ त्यांनी दुसरा दिला. तो अर्धाच सुटला.

‘‘घाम आला?’’ मी विचारलं.

‘‘भरपूर.’’

याला आता बारा दिवस झाले. कंपनीकडून होही नाही आणि नाहीही नाही. ताईचा रोज फोन येतो, तो ही घेते. ताई रोज एकच विचारते: येत होतं, तर आधी सोडवलंय हे सांगायची काय गरज होती? ही माझ्याकडे बघते आणि म्हणते, ‘‘थांबा हं, ह्यांनाच देते.’’