पाचवे कारण

अमेरिकेतल्या बहुतेक विद्यापीठांत समाजशास्त्राच्या पीएच.डी.साठीचे अर्ज डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात बंद होतात आणि निर्णय कळायला जानेवारीची अखेर उजाडते, कित्येकदा मार्च. मधल्या काळात अर्जदाराने करावे असे काही उरत नाही. उद्देशपत्र गेलेले असते, लेखनाचा नमुना म्हणून जोडलेला वीस-पंचवीस पानांचा निबंध गेलेला असतो, आणि तीन प्राध्यापकांची शिफारसपत्रे परस्पर पोचलेली असतात. आपल्याविषयी त्यांत काय लिहिले आहे, हे बहुधा अर्जदाराला कधीच कळत नाही. एकेका अर्जाचे शुल्क शंभर डॉलरच्या आसपास असते, म्हणजे दहा ठिकाणी अर्ज करायचा तर पुण्या-नागपुरातल्या घराला ऐंशी-नव्वद हजार रुपये नुसत्या शक्यतेवर खर्च करावे लागतात. या वाट पाहण्यात जी तगमग असते ती जागेपुरती नसते. जागा मिळेल का, या प्रश्नाच्या आड आपण त्या लायकीचे आहोत का, हा प्रश्न दबा धरून बसलेला असतो, आणि त्याचे उत्तर वरून कोणीतरी द्यावे अशी अपेक्षा असते. माझ्या मते ही तगमग मुळात धार्मिक आहे. म्हणूनच तिचा विचारही धर्मचिंतनाच्या अंगाने व्हायला हवा: प्रवेश समितीचा निर्णय हा माणसाच्या योग्यतेचा न्याय असतो का?

या तगमगीचे सर्वांत नेमके वर्णन समाजशास्त्राच्याच एका आद्य पुरुषाने करून ठेवले आहे. मॅक्स वेबरचा प्रॉटेस्टंट नीतीवरचा प्रबंध 1904-05 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातला कॅल्व्हिनपंथी माणूस एकटा आहे. आपला उद्धार होणार की नाही हे देवाने जन्माच्या आधीच ठरवून टाकले आहे. पाद्री, संस्कार, दानधर्म यांपैकी कशानेही तो निर्णय बदलत नाही, आणि तो काय आहे हे कळायचा मार्गही नाही. मग हा माणूस खुणा शोधू लागतो. धंद्यात यश आले, हातून काम नीट होते आहे, म्हणजे आपण निवडलेल्यांपैकी असू. फेब्रुवारीतल्या अर्जदाराची अवस्था याहून फार वेगळी नसते. समितीची बैठक होऊन गेलेली असते, निर्णय लागलेला असतो, फक्त आपल्याला ठाऊक नसतो. मग विद्यापीठाच्या संकेतस्थळावरचे ‘अर्ज विचाराधीन’ हे शब्द दिवसातून चार वेळा उघडून पाहिले जातात. एखाद्या प्राध्यापकाने पूर्वी ईमेलला दोन ओळींचे आपुलकीचे उत्तर दिले होते, त्यातला शब्दन् शब्द पुन्हा वाचला जातो. दुसऱ्या कोणाला मुलाखतीचे बोलावणे आल्याचे कळले की आपल्या वाट्याच्या शांततेचा अर्थ लावला जातो. पण वेबरच्या भाविकात आणि या अर्जदारात एक फरक आहे आणि त्यावरच सगळे अवलंबून आहे. कॅल्व्हिनचा देव सर्वज्ञ होता, आणि किती जणांना निवडायचे याला त्याच्या इच्छेबाहेरची कोणतीही मर्यादा नव्हती. समिती सर्वज्ञ नसते आणि तिच्या जागा मोजक्या असतात.

समितीच्या खोलीत प्रत्यक्ष काय घडते, हे ज्यूली पॉसेल्ट या संशोधिकेने आत बसून पाहिले. अमेरिकेतल्या तीन विद्यापीठांमधल्या दहा नामवंत विभागांचा तिने अभ्यास केला. तिचे पुस्तक 2016 मध्ये आले. पहिल्या फेरीत शेकडो अर्ज भराभर बाजूला करावे लागत, तेव्हा परीक्षेतले गुण आणि आधीच्या महाविद्यालयाचे नाव यांवर भिस्त ठेवली जाई. शेवटी जे थोडे उरत ते जवळपास सगळेच घेण्याजोगे असत. तिथे मग ‘आपल्या विभागात बसेल का’, ‘विषय नवा आहे का’ अशा निकषांवर चर्चा होई, आणि आपल्यासारख्याच वाटेने आलेल्याकडे परीक्षकाचा नकळत कल जाई. ही माणसे वाईट नव्हती. बहुतेक जण मनापासून न्यायाने वागू पाहत होते. 1981 मध्ये कोल बंधू आणि गॅरी सायमन यांनी याच गोष्टीची दुसऱ्या बाजूने परीक्षा घेतली होती. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाकडे अनुदानासाठी आलेले 150 प्रस्ताव त्यांनी तितक्याच जाणकार पण वेगळ्या परीक्षकांपुढे पुन्हा ठेवले. प्रस्तावाचे नशीब साधारण निम्मे त्याच्या गुणांवर ठरते आणि निम्मे तो कोणाच्या हाती पडला यावर, असा निष्कर्ष निघाला. अनुदान आणि प्रवेश या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मान्य. पण थोड्या जागा, पुष्कळ लायक उमेदवार आणि मतभेद असणारे तज्ज्ञ ही मांडणी दोन्हीकडे तीच आहे.

त्याहून ठसठशीत पुरावा जागांच्या संख्येत सापडतो. कोविडच्या पहिल्या वर्षी, 2020 मध्ये, प्रिन्स्टनच्या समाजशास्त्र विभागाने पुढच्या वर्षासाठी एकही विद्यार्थी न घेण्याचे ठरवले, म्हणजे असलेला पैसा आधीच्या विद्यार्थ्यांना पुरवता येईल. 2024 च्या नोव्हेंबरात बॉस्टन विद्यापीठाने मानव्यविद्या आणि सामाजिक शास्त्रांच्या डझनभर पीएच.डी. अभ्यासक्रमांचे प्रवेश थांबवले. त्यांत समाजशास्त्रही होते. संशोधक विद्यार्थ्यांचा प्रदीर्घ संप मिटून वेतनवाढीचा करार झाल्याला तेव्हा काही आठवडेच उलटले होते. त्या वर्षी जगातल्या सर्वांत हुशार अर्जदारालाही तिथे जागा नव्हती. प्रतीक्षा यादीत असलेल्याचे तर सगळेच परस्वाधीन. अमेरिकी विद्यापीठांच्या आपसातल्या ठरावानुसार विद्यावेतनासह आलेल्या प्रस्तावाला उत्तर देण्यासाठी 15 एप्रिलपर्यंत मुदत असते. न्यूयॉर्कला जायचे की शिकागोला, हे 14 तारखेच्या रात्री एका अनोळखी विद्यार्थ्याने ठरवावे, आणि त्याने सोडलेली जागा तिसऱ्याच कोणाच्या आयुष्याला वळण द्यावी, असे दर वर्षी घडते. यात त्या तिसऱ्याच्या योग्यतेचा न्याय नेमका कुठे झाला?

अशा वेळी आपल्याकडे गीतेतला निष्काम कर्माचा उपदेश पुढे केला जातो. तो खोटा नाही, पण इथे अपुरा आहे. सोसावे कसे हे त्यातून कळते. घडले काय, हे कळत नाही. त्यासाठी गीतेच्या अठराव्या अध्यायाकडे वळायला हवे. तिथे कोणतेही कर्म सिद्धीस जायला पाच कारणे लागतात असे सांगितले आहे: अधिष्ठान, कर्ता, करणे, विविध चेष्टा आणि पाचवे दैव. त्याला जोडूनच म्हटले आहे की जो केवळ स्वतःलाच कर्ता समजतो त्याला नीट दिसत नाही. या विचारात दैवाला जागा आहे, पण पाचातली एक. अर्जाला ते लावून पाहावे. विभाग आणि त्याचे अंदाजपत्रक हे अधिष्ठान; अर्जदार हा कर्ता; भाषा, ग्रंथालय, शिकवणारे गुरू ही करणे; वर्ष-दोन वर्षे खपून लिहिलेला निबंध ही चेष्टा. आणि तरीही पाचवे कारण शिल्लक राहते: त्या साली समितीत कोण होते, आणि त्याच विषयाचा दुसरा अर्ज आपल्या आधी वाचला गेला का. नकार मिळालेला सगळा दोष कर्त्यावर घेतो आणि प्रवेश मिळालेला सगळे श्रेय कर्त्याला देतो. दोघांची चूक एकच आहे. मला यातली दुसरी चूक जास्त घातक वाटते, कारण पहिलीवर काळ उतारा देतो आणि दुसरीला पुढे पदे मिळत जातात.

दैव मान्य केले तर राबायचे कशाला, ही शंका येणारच. पण चेष्टा हेही कारणच आहे; ती वगळली तर उरलेली चार कारणे असून नसल्यासारखी होतात. मंडालेच्या तुरुंगात टिळकांनी लिहिलेले गीतारहस्य 1915 मध्ये प्रसिद्ध झाले, त्याचा सगळा भर गीता कर्म सोडायला सांगत नाही यावरच आहे. कच्चा निबंध शेवटच्या फेरीपर्यंत टिकत नाही आणि ते योग्यच आहे. माझे म्हणणे त्या रेषेच्या वर पोचलेल्यांपुरते आहे. तिथून पुढे प्रयत्न आणि फळ यांचा धागा विरळ होतो, आणि तो घट्ट आहे असे भासवणे खोटेपणाचे आहे.

दुसरा आक्षेप परंपरेच्या आतून येतो. दैव म्हणजे तरी काय, पूर्वजन्मीचे कर्मच. तेव्हा ज्याला मिळाले त्याने ते कमावलेलेच असणार. कर्मसिद्धान्त हा जगातल्या दुःखाचा सर्वांत सुसंगत हिशेब आहे असे वेबरलाही वाटले होते, आणि त्या सुसंगतीतला धोका त्यानेच दाखवला. भाग्यवान माणसाला भाग्यावर समाधान नसते. त्यावर आपला हक्क होता, आणि दुसऱ्याच्या वाट्याला आले तेही त्याला साजेसेच होते, अशी खात्री त्याला हवी असते. धर्म ही खात्री पुरवत आले आहेत. आंबेडकरांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात पूर्वजन्मीच्या कर्माची कल्पना नाकारली ती याच कारणाने: तिच्यामुळे अन्यायाची जबाबदारी ज्याच्यावर अन्याय झाला त्याच्याच डोक्यावर येते. आजच्या विद्यापीठांत पूर्वजन्माची जागा गुणवत्तेने घेतली आहे. तिला पुनर्जन्म लागत नाही, पण मिळालेले हक्काचेच होते ही खात्री ती तितक्याच सफाईने देते.

तिसरा आक्षेप समाजशास्त्राचा अभ्यासकच घेईल, आणि तो सर्वांत जड आहे. तुम्ही ज्याला दैव म्हणता ते खरे म्हणजे जात, वर्ग, भाषा आणि वंश आहे. दैव हा शब्द वापरून तुम्ही विषमतेवर पांघरूण घालता. परभणीच्या महाविद्यालयात मराठीतून बी.ए. झालेल्या मुलीला अमेरिकी समितीला ओळखीचे नाव असलेला शिफारसकर्ता मिळत नाही, ही काही फाशांची करामत नव्हे. हे मी पूर्ण मान्य करतो. समाजशास्त्रज्ञ गेऑर्ग झिमेलचेच उदाहरण पाहावे. 1908 मध्ये हायडेलबर्गला त्याला प्राध्यापकपद मिळावे म्हणून वेबरने खटपट केली. पण बाडेनच्या सरकारकडे एका इतिहासकाराचे जे मतपत्र गेले त्यात झिमेलच्या ज्यू असण्यावर आणि त्याच्या श्रोत्यांवर विषारी शेरे होते, आणि पद हुकले. पूर्णवेळ प्राध्यापकपद त्याला स्ट्रासबुर्गला मिळाले ते 1914 मध्ये; चार वर्षांनी तो गेला. याला दैव म्हणणे हा त्या माणसाचा अपमान आहे. ज्याचा वाटा एकाच समूहाच्या पदरी पुन्हा पुन्हा पडतो तो अन्याय असतो आणि त्याच्याशी भांडावे लागते. पण म्हणूनच निखळ योगायोग वेगळा काढून दाखवणे गरजेचे आहे. सगळाच निकाल गुणवत्तेचा आहे असे जोवर म्हटले जाते तोवर अन्याय आणि योगायोग दोन्ही त्याच नावाखाली लपतात. योगायोगाचा भाग उघड केला की उरलेल्यात काय आहे ते विचारता येते.

तो उघड करण्याची एक जुनी रीत आपल्या देशात शिलालेखात कोरलेली आहे. तामिळनाडूत कांचीपुरमजवळच्या उत्तरमेरूर गावी, दहाव्या शतकाच्या आरंभीच्या, चोळ राजा परांतकाच्या काळच्या लेखात गावसभेच्या समित्या निवडण्याचे नियम दिले आहेत. आधी पात्रता पाहायची: वय 35 ते 70, करपात्र जमीन, स्वतःच्या जागेवर घर, वेदाध्ययन. पूर्वी समितीवर असून ज्याने हिशेब दिला नाही तो बाद, त्याचे नातेवाईकही बाद. मग पात्र लोकांची नावे ताडपत्राच्या तुकड्यांवर लिहून घड्यात टाकायची आणि सभेसमोर एका अजाण मुलाने हात घालून चिठ्ठी काढायची. माणसाची पारख जिथवर चालते तिथवर चालवली, आणि जिथे ती थकते तिथे सर्वांच्या देखत थांबवली. न्यूझीलंडच्या आरोग्य संशोधन परिषदेने 2013 पासून काही अनुदानांसाठी हेच केले आहे. ब्रिटिश अकादमीने 2022 मध्ये छोट्या अनुदानांसाठी. महाराष्ट्रात शिक्षण हक्क कायद्याच्या 25 टक्के जागांची सोडत निघते तेव्हा ज्या मुलाचे नाव आले नाही त्याचे आईबाप चिडतात, हळहळतात. पण आपले मूल कमअस्सल ठरले असे कोणी मानत नाही. पीएच.डी.च्या प्रवेशाला मात्र हा विचार लावला की लोक बिचकतात. चिठ्ठीने आत आलेल्याला अभिमान कसा वाटेल, असे विचारतात. रेषेपर्यंत तो स्वतःच्या कामाने आला, याचा अभिमान त्याला वाटावाच. पुढच्या टप्प्याचा वाटू नये, आणि तो वाटेनासा झाला तर पुढे कधी तोच माणूस समितीत बसेल तेव्हा समोरचे अर्ज निराळ्या नजरेने वाचेल.

उत्तरमेरूरचा घडा मात्र एवढ्याने निर्दोष ठरत नाही. ती सभा ब्राह्मणांच्या अग्रहाराची होती. सोडत चोख असली तरी घड्यात कोणाची चिठ्ठी पडू शकते हे आधीच ठरलेले होते. आजचे विभाग सोडत काढोत वा न काढोत, त्यांना निदान दोन आकडे जाहीर करता येतील: किती अर्जदार घेण्याजोगे होते, आणि जागा किती होत्या. नकाराच्या पत्रात ‘यंदा अर्ज अतिशय दर्जेदार होते’ असे मोघम वाक्य असते, त्याच्या जागी हे आकडे घालायला काही खर्च येत नाही. त्यांच्याच शेजारी, घेण्याजोगे ठरलेले कुठल्या महाविद्यालयांतून आणि कुठल्या घरांतून आले होते, हेही लिहावे. परभणीच्या त्या मुलीला मग कळेल की आपले नाव घड्यातून निघाले नाही, की ते घड्यात पडलेच नव्हते.