रस्त्याचे नाव आणि माणसांचे ऋण

नागपूर–मुंबई समृद्धी महामार्ग बुलढाणा जिल्ह्यात मेहकर आणि सिंदखेडराजा परिसरातून जातो. ७०१ किलोमीटरच्या या रस्त्याला शिवसेनेला बाळासाहेब ठाकरे यांचे नाव हवे होते, तर भाजपमधून अटलबिहारी वाजपेयी यांच्या नावाचा आग्रह होता. डिसेंबर २०१९ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ठाकरे यांच्या नावावर शिक्कामोर्तब केले. लोकांच्या तोंडी मात्र ‘समृद्धी’ एवढेच राहिले. सार्वजनिक वाटेला नाव देण्याचा अधिकार कोणाचा आणि ते कोणत्या ऋणापोटी द्यायचे, हा प्रश्न पक्षांच्या भांडणाहून जुना आहे.

शब्द आणि अर्थ यांचा संबंध मीमांसक नित्य मानतात; नैयायिकांच्या मते तो संकेताने ठरतो. विश्वनाथ पंचाननांनी सतराव्या शतकात ‘न्यायसिद्धान्तमुक्तावली’त या संकेताची चर्चा केली आहे. पित्याने अकराव्या दिवशी ठेवलेल्या नावात अर्थ सांगण्याची शक्ती असते, कारण त्या विधीमागे ईश्वरेच्छा आहे. माणसांनी अलीकडे आपसांत ठरवलेल्या संकेतात ती नसते, हे जुन्या संप्रदायाचे मत. नव्य नैयायिकांना ईश्वरेच्छेची अट नको. त्यांना इच्छा पुरेशी वाटते. रस्त्याच्या बाबतीत नव्यांचे म्हणणे पटते, मात्र ती इच्छा त्या वाटेने जाणाऱ्या-येणाऱ्यांची असली पाहिजे. ठरावाने पाटी लागते, नाव रुळते ते बोलण्यात.

पण नुसते रुळणे हाही अधिकार नव्हे. महारवाडा, मांगवाडा ही नावे पिढ्यान् पिढ्या रुळलेली होती आणि त्यांत राहणाऱ्यांचा रोज अपमान होत होता. डिसेंबर २०२० मध्ये राज्य शासनाने वस्त्यांची आणि रस्त्यांची जातिवाचक नावे बदलून समतानगर, भीमनगर, क्रांतीनगर अशी नावे देण्याचा निर्णय घेतला, तो योग्यच होता. वहिवाट आणि माणसाची प्रतिष्ठा यांत विरोध आला, तर प्रतिष्ठेचे पारडे जड असले पाहिजे.

कामगारनेत्याच्या नावाचा दावा याच बाजूने येतो. मुंबईच्या गिरणगावातील डिलाईल रोडला ना. म. जोशी यांचे नाव दिले गेले. जोशींनी १९११ मध्ये सोशल सर्व्हिस लीग स्थापन केली आणि १९२० मध्ये ‘आयटक’ या कामगार संघटनांच्या महासंघाच्या स्थापनेत पुढाकार घेतला. पाटीवर ‘ना. म. जोशी मार्ग’ असले तरी जुन्या गिरणगावकरांच्या बोलण्यातून ‘डिलाईल रोड’ गेलेला नाही. म्हणून नामांतर फसले असे म्हणता येत नाही. गिरणी कामगारांच्या वस्तीतला रस्ता गोऱ्या अधिकाऱ्याऐवजी कामगारांसाठी झटलेल्या माणसाची आठवण सांगतो, हे न्यायाचेच आहे.

व्यक्तीच्या नावाने अहंकार पोसला जातो, हा आक्षेप संतपरंपरेतून येतो. आपण कोणाचे गुरू नाही आणि आपल्याला कोणी शिष्य नाही, असे सांगणारे गाडगेबाबा आयुष्यभर हातात खराटा घेऊन राबले. आज बुलढाण्यातली महाविद्यालये ज्या अमरावती विद्यापीठाशी संलग्न आहेत, त्याला त्यांचेच नाव आहे. यात बाबांचा अहंकार कुठेच नाही, कारण नाव त्यांनी मागितले नव्हते. आक्षेप लागू होतो तो नाव मिरवणाऱ्यांना. शतपथ ब्राह्मणात देव, ऋषी आणि पितर यांच्या ऋणांबरोबर चौथे मनुष्यऋण सांगितले आहे, आणि ते माणसांना निवारा व अन्न देऊन फेडायचे आहे. स्तुती करून ते फिटते, असे तिथे म्हटलेले नाही.

या कसोटीवर मुंबईतील बीडीडी चाळींचे प्रकरण तपासता येते. १९२०च्या दशकात बांधलेल्या या चाळींत कामगारांची कुटुंबे १६० चौरस फुटांच्या खोल्यांत राहिली. २०२२ मध्ये वरळीच्या चाळींना बाळासाहेब ठाकरे, नायगावच्या चाळींना शरद पवार आणि ना. म. जोशी मार्गावरील चाळींना राजीव गांधी यांचे नाव देण्याचे सरकारने जाहीर केले, आणि त्यावर टीका झाली. टीकेत तथ्य होते, कारण तिन्ही नावे राज्यकर्त्या आघाडीच्या तीन पक्षांशी जुळणारी होती. पुनर्विकासात रहिवाशांना ५०० चौरस फुटांची घरे देण्याचे ठरले आहे. शतपथाच्या अर्थाने खरी ऋणफेड ती. नाव सुचवण्याचा पहिला मान त्या घरांत राहणाऱ्यांना द्यायला हवा होता.