पहाटेची अजान आणि अंध मुअज्जिन

प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या काळी मदीनेत रोजाच्या रात्री दोन अजाना होत. पहिली माननीय बिलाल (रजि.) देत, तेव्हा खाणेपिणे चालू असे. दुसरी माननीय इब्ने उम्मे मक्तूम (रजि.) देत, ती होताच लोक हात आवरत. हे सहाबी अंध होते. पहाट झाल्याचे लोक त्यांना सांगत, मग ते अजान देत. ज्यांना उजेड दिसत नव्हता, त्यांच्याच आवाजाने नगराचा रोजा सुरू होई!

यांच्याच निमित्ताने सूरह ‘अबस’च्या प्रारंभीच्या आयती अवतरल्या. प्रेषितांनी (स.) त्यांना केवळ दया दिली नाही, जबाबदारी दिली, प्रवासास निघताना मदीनेत आपल्यामागे त्यांना नेमले.

३ डिसेंबरच्या जागतिक दिव्यांग दिनी आपण सत्कार करतो, शाल पांघरतो. पण ईदच्या दिवशी चाकाची खुर्ची ईदगाहात पोहोचते काय? कर्णबधिर भावाला खुतबा खुणांच्या भाषेत कोणी समजावतो काय? मस्जिदीच्या कमिटीत एखादा दिव्यांग आहे काय?

सन्मान शालीत नसतो, सोपवलेल्या कामात असतो. अल्लाह आपणास ही समज देवो. आमीन.