कपोत गुरू आणि काचेच्या पेटीतली जुळी

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

अवधूतांनी यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगितले, ही कथा श्रीमद्भागवताच्या अकराव्या स्कंधात आहे. त्यातला आठवा गुरू कपोत. पिल्लं पारध्याच्या जाळ्यात सापडली, ते पाहून मादी शोकानं जाळ्यात शिरली, तिच्यामागून नरही पडला. पारधी अख्खं कुटुंब घेऊन घरी गेला. तात्पर्य, अतिस्नेह नको. सप्ताहात आपण हे ऐकतो आणि मान डोलावतो. पण ज्यांची पिल्लं खरोखरच जाळ्यात आहेत, त्यांना हा धडा कोणत्या तोंडानं सांगायचा?

माझ्या लेकीला जुळं झालं ते एकोणतिसाव्या आठवड्यात. सदतीस आठवड्यांच्या आत जन्मलेलं मूल अपुऱ्या दिवसांचं धरतात, ही तर त्याच्याही कितीतरी आधीची. मुलगी ११५० ग्रॅम, मुलगा ९३०. अशा बाळांची फुप्फुसं तयार नसतात. चोखणं, गिळणं आणि श्वास घेणं यांचा मेळ साधारण चौतिसाव्या आठवड्याच्या आसपास बसतो, तोवर आईचं दूध काढून नळीनं पोटात सोडायचं. मुक्काम एकसष्ट दिवसांचा झाला.

पहिल्याच आठवड्यात एका जुन्या स्नेह्यांनी काळजीपोटी सांगितलं, "फार जीव लावू नका हो. काय होईल सांगता येत नाही." त्यांच्या मनात हाच कपोत असणार. गंमत अशी, की डॉक्टर नेमकं उलट सांगत होते. १९७८ मध्ये कोलंबियातल्या बोगोटा शहरात काचेच्या पेट्या पुरेनात, म्हणून डॉ. एडगर रे यांनी अशी बाळं आईच्या उघड्या छातीशी बांधून ठेवायला सुरुवात केली. तीच आजची कांगारू पद्धत. बाळाला ऊब मिळते, श्वास स्थिर राहतो, आईला दूध चांगलं येतं, जंतुसंसर्ग कमी होतो आणि जास्त बाळं जगतात. आज जागतिक आरोग्य संघटनाही हेच सांगते. म्हणजे इथं जीव लावणं हाच औषधाचा भाग! मग अवधूतांचा गुरू चुकला की काय?

मला वाटतं, चुकलो ते आपण, ऐकताना. कपोताचं पिल्लांवर प्रेम होतं, हा त्याचा दोष नव्हे. शोकात त्याची बुद्धी गेली आणि त्याच्या उडीनं जाळ्याचा एक धागाही तुटला नाही. विसाव्या दिवशी नातवाला जंतुसंसर्ग झाला, पुन्हा श्वासाचं यंत्र लावलं. लेक त्याच्या पेटीपासून हलेना. जेवण नाही, झोप नाही, दूध आटत चाललं. पलीकडे मुलगी छातीशी घ्यायची राहून जाई. तेव्हा एक सिस्टर म्हणाली, "ताई, त्याच्यापाशी आम्ही आहोत. हिला मात्र तुम्हीच लागता." कपोताचा धडा यापेक्षा सोपा करून मी कुठल्या कीर्तनात ऐकला नाही. दोघांवर समदृष्टी म्हणजे दोघांना घड्याळ लावून सारखे तास नव्हेत. ज्याला जे लागतं ते त्याला. त्या दिवसापासून लेक मुलीला छातीशी घेऊन बसू लागली आणि जावई मुलाच्या पेटीशी. पुढं यंत्र निघालं तेव्हा मुलाला बापानंही कांगारूसारखं घेतलं.

आता नवसाबद्दल. नातवंडं घरी आली तेव्हा पुष्कळांनी म्हटलं, "महाराजांची कृपा, तुमची भक्ती फळाला आली." कृपा मी मानतो. पण शेजारच्या पेटीतलं बाळ गेलं. त्याची आजी रोज बाकावर बसून गुरुचरित्राचा अध्याय वाचत होती. आमची भक्ती फळली म्हणायची, तर तिची कमी पडली असं म्हणावं लागेल. ते मी म्हणणार नाही. बँकेत छत्तीस वर्षं लेजर लिहिलं. इतकं जमा तर इतकं नावे, हा हिशेब तिथं ठीक. महाराजांशी तो मांडला की भक्तीचा व्यवहार होतो, आणि ज्याचं मूल गेलं त्याच्या दुःखावर आपण दोषाचं व्याजही चढवतो.

मार्गशीर्ष पौर्णिमेला आपण ज्यांचा जन्म साजरा करतो, त्यांची आई अनसूया. तिनं तिन्ही देवांना बाळं केलं, पाजलं, पाळण्यात जोजवलं. थोर कोण, धाकटा कोण, असं पाहिलं नाही. आणि तिघी देवी मागायला आल्या तेव्हा अडवूनही धरलं नाही. पूर्ण जीव लावायचा आणि मूठ मात्र उघडी ठेवायची. कपोताला जे साधलं नाही ते या माउलीला साधलं. म्हणून मला दोन्ही कथा शेजारी शेजारी ठेवून वाचाव्याशा वाटतात.

आपल्या ओळखीत कुणाची बाळं अशी पेटीत असतील, तर रोज वजन विचारू नका. पहिल्या दिवसांत ते उतरतंच, आणि प्रत्येक फोनला तो आकडा सांगताना आईबाप खचतात. उपदेशही नको. गरम डबा न्या, आईला दोन तास झोपू द्या, थोरलं मूल घरी असेल तर त्याला सांभाळा. दत्तसेवेत हे बसतं, अशी माझी श्रद्धा आहे.

॥ अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त ॥