वंशावळीतील एकच रेषा

वंशावळ हाती आली की मूळ पुरुषापासून आपल्यापर्यंतच्या पिढ्या मोजण्याचा मोह कोणालाही होतो; परंतु तो कागद मुळात कोणी, कोणापुढे आणि कशासाठी लिहून दिला, हा प्रश्न त्या मोजणीच्या आधी विचारला पाहिजे, असे जुनी दप्तरे चाळता चाळता माझे ठाम मत झाले आहे. पाटीलकी, कुलकर्ण, देशमुखी अशा वतनांवरून भाऊबंदांत कज्जा उपस्थित झाला, म्हणजे वादी-प्रतिवादी आपापला करीना लिहून देत, गोतसभा बसे, साक्षी होत आणि अखेर निवाड्याचा जो कागद, म्हणजे महजर, तयार होई त्यावर पाटलाच्या नांगराची निशाणी उमटे. वडीलपण कोणत्या शाखेकडे, निपुत्रिक कोण वारला, दत्तक कोणी घेतला, एवढेच त्या करीन्यात सांगावयाचे असे. पुढे 1852 च्या अकराव्या कायद्यान्वये इनाम कमिशनने सनदा व भोगवट्याचे पुरावे मागितले, तेव्हाही इनामदारांनी पिढ्या मांडल्या त्या याच हेतूने. आपण जिला कुळाची स्मृती म्हणून पूज्य मानतो, ती वस्तुतः हक्काची कैफियत आहे.

हे एकदा ध्यानात आले, म्हणजे कागदांतील मौनाचाही अर्थ लागू लागतो. जमिनीवर वारसाहक्क असलेल्या मिरासदाराचे घराणे दोन-दोन शतके सलग सापडते. उपरी कुळाचे नाव एखाद्या वर्षाच्या हिशेबात दिसते आणि पुढल्या वर्षी नाहीसे होते, कारण ज्या जमिनीवर त्याचा वारसा नव्हता त्या जमिनीच्या कागदाला त्याचा बाप कोण हे विचारण्याचे कारणच नव्हते.

परंतु सर्वांत मोठे मौन स्त्रियांविषयीचे आहे, आणि ते श्रीमंत-गरीब सर्वच घरांत सारखे आहे. दहा पिढ्या मागे गेले तर प्रत्येकाला त्या एका पिढीत 1024 पूर्वजांची स्थाने मोजावी लागतात. नात्यात नाती गुंतल्याने प्रत्यक्ष माणसे काही कमी भरतील, हे खरे. पण वंशावळ त्या एवढ्या जनसमूहातून एकाच पुरुषाचे नाव उचलते आणि त्यालाच आपला मूळ पुरुष म्हणते. उरलेल्यांत निम्म्या स्त्रिया. त्यांचा माग काढावा तर लग्नात तांदळांत लिहिलेल्या नव्या नावाने त्यांचे माहेरचे नाव पुसून टाकलेले. सासरच्या कागदात त्या असल्याच तर ‘अमक्याची बायको’ म्हणून. विसाव्या शतकात छापलेल्या कुलवृत्तांतांनी सुनांची माहेरे नोंदविण्याचा परिपाठ पाडला, हे त्यांचे मोठे श्रेय होय. तरीही मुलीचे लग्न झाले की तिची शाखा तेथेच तुटते. तिची लेकरे दुसऱ्या कोणाच्या तरी ग्रंथाची.

विशेष असे की, आपल्या धर्मविधीने हे विस्मरण एवढे पूर्ण होऊ दिले नव्हते. श्राद्धात पिता, पितामह, प्रपितामह यांच्याबरोबर माता, पितामही, प्रपितामही यांचाही उच्चार होतो आणि मातामहाच्या कुळालाही त्यात स्थान आहे. दप्तराने जे नाव लिहिले नाही ते दर्भ हातात घेतलेल्या माणसाला पाठ असावे लागे. ज्या घरांतून हा विधी गेला, त्या घरांतून पणजीचे नावही गेले. विधीच्या पुनरुज्जीवनासाठी मी हे लिहीत नाही, नावासाठी लिहितो.

आपल्याकडील दप्तरांच्या या मौनाच्या अगदी उलट चित्र मॉरिशसमध्ये दिसते. 1834 पासून मजुरीच्या करारावर तेथे हिंदुस्थानातून माणसे नेली गेली. त्यांत मुंबई बंदरातून गलबतावर चढलेली मराठी माणसेही होती. मोका येथील महात्मा गांधी संस्थेत त्या काळची दप्तरे जतन केलेली आहेत. त्यांत माणसाला क्रमांक आहे, नाव आहे, वय, गाव, जात, उंची, अंगावरची खूण आहे. 1860 नंतरच्या कित्येकांची छायाचित्रेही आहेत. आणि तेथे स्त्रीही स्वतःच्या नावाने, स्वतःच्या क्रमांकाने उभी आहे. गावच्या कागदाने जिला कधी विचारले नाही, तिचे नाव मळेवाल्यांच्या सोयीसाठी नेमलेल्या कारकुनाने लिहून ठेवावे, ही गोष्ट मला कोणत्याही पराभवाच्या वृत्तांताइतकीच जिव्हारी लागते. आज तेथील मराठी कुटुंबे त्याच क्रमांकांवरून आपली मूळ गावे धुंडाळीत येतात.

म्हणून पूर्वजांच्या शोधास निघणाऱ्याने मोडी शिकावी, त्र्यंबकेश्वरास व नाशिकास जाऊन आपल्या तीर्थोपाध्यायांकडील नामावळ पाहावी, महजर वाचताना तो जिंकणाऱ्याचा कागद आहे हे विसरू नये; पण या सर्वांआधी, आपल्या घरात जी सर्वांत वृद्ध स्त्री आज हयात असेल तिच्याजवळ बसून तिचे माहेरचे नाव, तिच्या आईचे नाव आणि त्या आईचे माहेर कोणत्या गावी होते हे विचारून, तारखेनिशी लिहून ठेवावे. दप्तरखाना पुढल्या वर्षीही उघडा असेल.